शेंडेफळाची साक्ष



संयोजकांनी या व्याख्यानाला ‘बालसाहित्य : आव्हाने आणि दिशा’ असं नाव सुचवलं होतं. मी नको म्हटलं. आव्हानं आणि दिशा यांवर बोलणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. मला एका मुलीबद्दल बोलायचं आहे. नाव रमोना क्विंबी. वय वर्षं चार. राहणार क्लिकिटॅट स्ट्रीट, पोर्टलंड, ऑरेगन राज्य, अमेरिका. तिच्यावरचा आरोप असा, की तळघरात ठेवलेल्या पेटीतलं एकेक सफरचंद उचलून तिनं त्याचा एकच चावा घेतला आणि बाकीचं टाकून दिलं. असं का केलंस म्हणून विचारल्यावर तिचं उत्तर तयार होतं : पहिला घास सगळ्यांत चांगला लागतो.

आता या युक्तिवादात खोट काढून दाखवा. मला तरी सापडत नाही. पहिलाच घास चांगला लागत असेल, तर दुसरा घ्यायचा कशाला? चार वर्षांच्या बुद्धीनं हा तर्क शेवटपर्यंत नेला, एवढाच तिचा गुन्हा. घरात मग मावशीचा सल्ला घेतला जातो. मावशी म्हणते, ती तुमचं लक्ष वेधून घेण्यासाठी हे करते, तेव्हा रागवूच नका. सफरचंदं शिजवून मुरंबा होतो, कुणी चकार शब्द काढत नाही. रात्री जेवताना रमोनाच आपण होऊन विषय काढते आणि तरीही कुणी दाद देत नाही, तेव्हा ती खट्टू होते.

हा प्रसंग ‘बीझस अँड रमोना’ या १९५५ सालच्या पुस्तकातला. लेखिका बेव्हर्ली क्लिअरी. पण तो आपल्याला दिसतो तो रमोनाच्या डोळ्यांनी नव्हे. आपण तिच्या थोरल्या बहिणीच्या, बीझसच्या, शेजारी उभे असतो. बीझस नऊ वर्षांची. शहाणी, समजूतदार, भरतकाम करणारी, ग्रंथालयातलं पुस्तक वेळेवर परत करणारी. धाकटीनं तेच पुस्तक रंगीत खडूनं गिरगटून ठेवलं, की शरमेनं मान खाली घालायची ती बीझसनं. वाढदिवसाचा केक ओव्हनमध्ये भाजायला ठेवला, तर धाकटी त्यात आपली रबरी बाहुली सारते, कारण गोष्टीतल्या ग्रेटेलनं चेटकिणीला भट्टीत ढकललं होतं. या पुस्तकाचा खरा विषय रमोना नाहीच. आपली सख्खी बहीण आपल्याला काही वेळा मुळीच आवडत नाही, याची बीझसला वाटणारी बोच हा त्याचा विषय आहे. आणि तो फार प्रामाणिकपणे हाताळलेला आहे. थोरली मुलगी असलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

रमोनाचा जन्मही काही मोठ्या योजनेतून झालेला नव्हता. क्लिअरीबाई ‘हेन्री हगिन्स’ हे १९५० साली निघालेलं पहिलं पुस्तक लिहीत होत्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण जमवलेल्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना ना भाऊ, ना बहीण. त्या स्वतः एकुलत्या एक होत्या, त्याचा हा परिणाम असावा. मग कुणाला तरी एक धाकटी बहीण द्यावी म्हणून बीझसला दिली. नाव हवं होतं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी कुणाला तरी ‘रमोना’ अशी हाक मारली, तेच ठेवून दिलं. म्हणजे शेंडेफळ अगदी खऱ्या अर्थानं. मागाहून आलेलं, फारसं न ठरवता आलेलं, आणि मग सगळं घर व्यापून बसलेलं.

१९५५ नंतर तेरा वर्षं गेली. १९६८ साली ‘रमोना द पेस्ट’ आलं. मुलगी तीच, गल्ली तीच. आता ती नुकती बालवर्गात जाऊ लागली आहे. बदललं ते एवढंच, की आपली उभं राहायची जागा हलली. इतके दिवस बीझस साक्षीदार होती आणि रमोना आरोपीच्या पिंजऱ्यात. आता आरोपी स्वतः साक्ष देते. आणि पहिल्याच पानावर ती सांगते, की मी त्रास देत नाही. तिच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं असतं. आजचं माझं सगळं म्हणणं या एका बदलाभोवती आहे. ‘गैरसमज झालेली मुलगी’ असं आपण सहज म्हणून जातो. पण गैरसमज काय असतो, हे क्लिअरीबाईंनी उपदेश न करता, फक्त खुर्ची हलवून दाखवलं.

बालवर्गातला पहिला दिवस बघा. बिनीबाई मुलांना एक गोष्ट वाचून दाखवतात. माइक मुलिगन आणि त्याचं वाफेवर चालणारं खोदकामाचं यंत्र. हे पुस्तक खरोखरीचं आहे. व्हर्जिनिया ली बर्टन यांचं, १९३९ सालचं. त्यात माइक एका दिवसात, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, नव्या टाउन हॉलचं तळघर खणून काढतो. रमोना हात वर करते आणि विचारते, की दिवसभर खणत होता, तर तो शू करायला कसा गेला? वर्गात शांतता. बिनीबाई म्हणतात, पुस्तकात ते दिलेलं नाही, कारण ते महत्त्वाचं नाही. रमोनाला हे पटत नाही. आणि गंमत म्हणजे वर्गातल्या एकाही मुलाला पटत नाही. सगळ्यांनाच हे जाणून घ्यायचं असतं, विचारलं फक्त तिनं.

इथं बिनीबाई वाईट नाहीत, हे लक्षात घ्या. तरुण आहेत, गोड आहेत, रमोनाचा त्यांच्यावर जीव आहे. मोठ्यांच्या जगात काही प्रश्नांना गोष्टीत जागा नसते आणि पाच वर्षांच्या मुलीच्या जगात तोच प्रश्न सगळ्यांत निकडीचा असतो; कारण आज सकाळपासून ती स्वतःही एका अनोळखी इमारतीत बसलेली आहे. खलनायक कुणी नाही. तरीही मुलगी आगाऊ ठरते. आपल्याकडे म्हणतात ना, एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. ते पडतं कसं, याची ही संथ चित्रफीत आहे.

मग सुझनचे केस. वर्गातल्या या सुझनच्या डोक्यावर लालसर तपकिरी, स्प्रिंगसारख्या बटा आहेत. एक बट हलकेच ओढून सोडली, की ‘बोइंग’ करून जागेवर जाते. रमोनाला ती ओढायचीच असते. सुझनला दुखावायचं म्हणून नव्हे. समोर स्प्रिंग असताना न ओढणं तिला जमत नाही. शेवटी बिनीबाई सांगतात, की केस ओढायचे थांबवता येतील तेव्हा परत ये, तोवर घरी राहा. रमोना घरी येते ती एकच खूणगाठ बांधून : बाईंना मी आवडत नाही. त्यानंतर आई, वडील, बहीण सगळे समजावतात, पण ही बालवर्गात जायला साफ नकार देते. वय वर्षं पाच आणि शाळा सोडलेली.

यातून सुटका कशी होते? बाईंकडून एक पत्र येतं. रमोनाचा पडलेला दुधाचा दात वर्गात राहिलेला असतो, तो त्यात चिकटवलेला. आणि वर तिचं नाव अगदी तिच्या पद्धतीनं लिहिलेलं. रमोना आपल्या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर ‘क्यू’ काढते ते मांजरासारखं : वर दोन कान, मिश्या, आणि खालची रेघ म्हणजे शेपूट. बाईंनीही तसंच मांजर काढलेलं असतं. त्या पत्रात शिस्तीवर भाष्य नाही. पण बाईंनी माझं अक्षर पाहिलं आहे, ते त्यांच्या लक्षात राहिलं आहे, एवढं त्या मांजरातून पोचतं आणि मुलगी परत जायला तयार होते. वर्गातल्या तीस-चाळीस मुलांच्या सह्या आपण कुणी कधी इतक्या बारकाईनं पाहिल्या आहेत का, हा प्रश्न सभागृहातल्या शिक्षकांना विचारायचा मोह मी आवरतो.

याच पुस्तकात हॅलोविनचं एक प्रकरण आहे. शाळेत मुलं सोंगं घेऊन येतात. रमोनानं चेटकिणीचा मुखवटा चढवलाय, जगातली सगळ्यांत दुष्ट चेटकीण व्हायचं ठरवलंय. मैदानावर इतरही कितीतरी चेटकिणी आहेत. ती बाईंना भिववते. पण बाई तिला ओळखत नाहीत. आणि अचानक तिच्या पोटात गोळा येतो. भीती भुताखेतांची नाही. या मुखवट्याआड मी आहे हे कुणालाच ठाऊक नसेल तर? आईनंही ओळखलं नाही तर? ती धावत वर्गात जाते, कागदावर मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहिते, क्यूला कान-मिश्या काढते, आणि तो फलक हातात धरून मिरवणुकीत सामील होते. खोडकर म्हणून ओळखलं जाणं तिला चालतं; ओळखलंच न जाणं चालत नाही. मोठ्यांसाठी लिहिलेल्या कितीतरी जाडजूड कादंबऱ्यांत एवढं नेमकं काही सापडत नाही.

आता थोडं कारागिरीबद्दल. या पुस्तकांत ‘मी’ नाही. निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण निवेदक रमोनाच्या खांद्याला खांदा लावून चालतो. त्यामुळे तिच्या मनातलं कारण आणि बाहेरून दिसणारी कृती या दोन्ही गोष्टी वाचणाऱ्या मुलाला एकाच वेळी दिसतात. सात-आठ वर्षांचा वाचक पाच वर्षांच्या रमोनाला हसतो आणि हसताहसता थबकतो, कारण मागच्याच वर्षी तो तिथं होता. बार्बरा पार्क यांची ‘जूनी बी. जोन्स’ ही मालिका १९९२ पासून आली. तिच्यात मुलगी स्वतःच, चुकतमाकत बोलते. ती पुस्तकं विनोदी आहेत, मुलांना आवडतात. पण तिथं आपण मुलीच्या तोंडच्या भाषेला हसत राहतो. रमोनाच्या बाबतीत हसू आणि कळवळा यांच्यात अंतरच उरत नाही.

याचा कस लागतो तो ‘रमोना द ब्रेव्ह’मध्ये, १९७५ साली. रमोना आता पहिलीत आहे, बाई ग्रिग्ज. पालकांच्या भेटीच्या दिवसासाठी मुलं कागदी पिशव्यांची घुबडं करताहेत. रमोना आपल्या घुबडाचे डोळे एका बाजूला वळवते, त्याला चष्मा काढते. शेजारी सुझन. सुझन बघते आणि तसंच करते. रमोना हातानं आपलं काम झाकू लागते. तेवढ्यात ग्रिग्जबाई येतात, सुझनचं घुबड उचलून सगळ्या वर्गाला दाखवतात आणि वाखाणतात. आता रमोनानं काय करावं? सांगितलं तर चुगलखोर. आपलं घुबड पुढं केलं तर नक्कल करणारी. ती आपलंच घुबड चुरगाळून फेकून देते. आणि नंतर, जाताजाता, सुझनचंही चुरगाळते आणि घराकडे पळत सुटते. पुढं तिला सगळ्या वर्गासमोर सुझनची माफी मागावी लागते. ती मागते. खरं काय घडलं हे वर्गात कुणालाच कळत नाही. प्रगतिपुस्तकात शेरा येतो, की हिनं हातांवर आणि स्वतःवर ताबा ठेवायला शिकावं.

बोधकथेत इथं न्याय झाला असता. बाईंना सत्य कळलं असतं, सुझन रडली असती, टाळ्या पडल्या असत्या. क्लिअरीबाई तसं काही करत नाहीत. लहानपणी झालेल्या बहुतेक अन्यायांची कुठं दाद लागत नाही, हे त्या मुलांपासून लपवत नाहीत. रमोनाच्या पदरात पडतं ते एवढंच, की घरी तिची बाजू ऐकून घेतली जाते. तीही सरळपणे नाही. संतापाच्या भरात ती घरच्यांना बजावते, की आता मी एक वाईट शब्द बोलणार. आणि जो शब्द बोलते तो इतका साधा असतो, आतडी-बितडी म्हटल्यासारखा, की घरातले सगळे हसतात. ते हसणं तिला घुबडापेक्षाही जास्त लागतं.

तिसरीतल्या रमोनाचं ‘रमोना क्विंबी, एज एट’ हे पुस्तक १९८१ चं. शाळेत उकडलेलं अंडं डोक्यावर आपटून फोडायची टूम निघालेली असते. आईनं त्या सकाळी चुकून कच्चं अंडं डब्यात दिलेलं. पुढचं सांगायला नको. केस धुतले जात असताना पलीकडे तिच्या वर्गावरच्या व्हेलीबाईंचं बोलणं तिच्या कानावर पडतं : दिखाऊपणा करते, त्रासदायक आहे. बाईंनी ते वेगळ्याच अर्थानं म्हटलेलं असतं, हसतहसत असेल, घाईत असेल. पण त्या दोन शब्दांचं ओझं रमोना कित्येक दिवस वागवते. वर्गात हात वर करत नाही. काही केलं की दिखाऊपणा होईल म्हणून काहीच करत नाही. शेवटी एकदा धीर करून विचारते आणि बाईंना तर ते पटकन आठवतही नाही! मुलांबद्दल मुलांच्या कानाच्या टप्प्यात बोलणं हा आपल्याही घरांतला सार्वत्रिक छंद आहे. पाहुण्यांसमोर तर विशेषच.

या पुस्तकांना पैशाचंही भान आहे. ‘रमोना अँड हर फादर’ १९७७ चं. त्यात वडिलांची नोकरी जाते. आई डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करते, तिच्या पगारावर घर. पुढं वडील सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर उभे राहतात, मग गोठवलेल्या अन्नाच्या गुदामात, आणि त्यांना व्हायचं असतं चित्रकलेचे शिक्षक. एका संध्याकाळी जेवणात स्वस्त पडते म्हणून जीभ शिजवलेली असते. मुली ताटाला हात लावत नाहीत. शिक्षा अशी, की उद्याचा स्वयंपाक तुम्ही करायचा. मराठी मध्यमवर्गीय वाचकाला इथं एकदम घरी आल्यासारखं वाटतं. पदार्थ वेगळा, ताण तोच.

मात्र या जगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९५५ ते १९९९, चव्वेचाळीस वर्षांत, रमोना चारची दहा होते. बाहेर अमेरिका ढवळून निघाली. क्लिकिटॅट स्ट्रीटवर त्यातलं जवळजवळ काही पोचत नाही. गोऱ्या, कनिष्ठ मध्यमवर्गाची ती गल्ली आहे आणि तशीच राहते. हा दोष मी झाकणार नाही. पण ज्या गोष्टीकडे क्लिअरीबाई बघत होत्या, तिच्याकडे त्यांच्याइतकं एकटक कुणी बघितलं असेल असं वाटत नाही.

त्या बघत कुठून होत्या, हे त्यांच्या चरित्रातून कळतं. जन्म १९१६ चा, बालपण यामहिल गावच्या शेतावर. गावात ग्रंथालय नव्हतं, तर त्यांच्या आईनं राज्य ग्रंथालयातून पुस्तकं मागवून बँकेच्या वरच्या मजल्यावर सुरू केलं. पुढं कुटुंब पोर्टलंडला आलं आणि पहिलीत ही मुलगी वाचनात सगळ्यांत मागच्या गटात बसवली गेली. वाचायची गोडी लागायला तिसरी उजाडावी लागली. हीच मुलगी पुढं वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी मुलांची ग्रंथपाल झाली. तिथं वाचायचा कंटाळा असलेल्या काही मुलांनी तिला विचारलं, आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठं आहेत? फडताळात खरंच नव्हती.   क्लिअरीबाई २०२१ साली, १०४ वर्षांच्या होऊन गेल्या. पोर्टलंडच्या ग्रँट पार्कमध्ये १९९५ पासून रमोनाचा पुतळा आहे.  

आता आपल्याकडचं. आपल्या घराघरांत अशी एक मुलगी आधीच येऊन बसलेली आहे : तोत्तोचान. तेत्सुको कुरोयानागी यांचं १९८१ चं पुस्तक, चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे आपलं झालं. पहिलीत शाळेनं काढून टाकलेली मुलगी, रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा, आणि तिचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. मीही त्या पुस्तकावर प्रेम करतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. तोत्तोचान मोठी होऊन जपानच्या दूरचित्रवाणीवरचं फार मोठं नाव झाली. तिचं बालपण आपण वाचतो ते तिच्या यशाच्या उजेडात. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना बोलावणारी मुलगी आपल्याला गोड वाटते. ती पुढं काहीच झाली नसती तरी वाटली असती का? शिवाय तिला कोबायाशी मिळाले. आपल्यातल्या किती जणांना मिळाले?

साने गुरुजींचा श्यामही असाच मागे वळून बघतो. पोहायचं टाळून लपून बसलेला श्याम आपल्याला भेटतो तो मोठ्या श्यामच्या तोंडून, रात्री आश्रमात जमलेल्या श्रोत्यांसमोर. लहान श्याम चुकतो, मोठा श्याम ती चूक उलगडून सांगतो. १९३५ पासून मराठी घरांनी या पुस्तकावर डोळे ओले केले आहेत आणि ते योग्यच आहे. पण त्या रचनेत निवाडा आधीच झालेला असतो.

रमोनाच्या पाठीशी मोठी झालेली रमोना नाही. ती पुढं लेखिका होणार, अभिनेत्री होणार, असं आश्वासन कुठंही नाही. तिला कोबायाशी मिळत नाहीत. मिळतात बिनीबाई, ग्रिग्जबाई, व्हेलीबाई, म्हणजे बऱ्या, दमलेल्या, वर्गात खूप मुलं असलेल्या बाई. आणि ती सुधारत नाही. क्लिअरीबाईंना लहानपणी ज्या पुस्तकांत मुलं शेवटी शहाणी होतात ती पुस्तकं आवडत नसत, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. रमोना वाढते, इतकंच. हट्ट जात नाही, त्याची जागा बदलते. मुलीला समजून घ्यायला ती पुढं कुणीतरी होणार असल्याचा दाखला लागत नाही, हे मला या पुस्तकांनी शिकवलं. अशी मुलगी मराठीत कुणी लिहिली तर मला वाचायची आहे. कर्तबगार होणारी नको. नगरपालिकेच्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसणारी, आणि शेवटच्या पानावरही तिथंच असणारी हवी.

शेवटचं पुस्तक ‘रमोनाज वर्ल्ड’, १९९९ चं. ते आधीच्यांच्या तोडीचं नाही; बाई तेव्हा ऐंशी ओलांडून गेल्या होत्या, वीण थोडी सैल झाली आहे. रमोनाही आता शेंडेफळ उरलेली नाही, घरात तान्ही बहीण आली आहे. पण त्यात एक प्रसंग आहे. रमोनाचा दहावा वाढदिवस बागेत चाललेला असताना, आईच्या आग्रहाखातर बोलावलेली सुझन बाजूला बसून राहते आणि एकाएकी रडू लागते. सदोदित नीटनेटकं, निर्दोष राहून ती थकलेली असते. रमोना चकित होऊन बघत राहते. बालवर्गापासून जिच्या बटा, जिचे कपडे, जिची वाहवा बघून तिचा जळफळाट झाला, तिलाही काही म्हणायचं असेल हे तिच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. आणि आपण इतकी वर्षं तिच्याच शेजारी उभे असल्यामुळे आपल्याही नाही. १९५५ आणि १९६८ च्या मध्ये जी खुर्ची हलली, ती या एका पानापुरती पुन्हा हलते. त्या घुबडाच्या प्रकरणात सुझनचं म्हणणं काय होतं, ते मात्र क्लिअरीबाईंनी लिहिलं नाही.